आपोआप बरा होणारा घसा

आमच्या घरात कुणी शिंकलं, खोकलं, नाक ओढलं तर मी पोळ्या लाटायचं थांबवत नाही. पण कुणी नुसतं "घसा दुखतोय" म्हणालं की लाटणं बाजूला आणि मोबाइलचा टॉर्च चालू. "आ कर. जीभ खाली. अजून मोठा आ." लातुरात मी मेस चालवते. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरी गावोगावहून इथं क्लासला येतात आणि माझ्याकडं जेवतात. त्यांचे इतके घसे मी बघितलेत की एक पोरगी म्हणाली, "मावशी, परीक्षा तुम्हीच द्या, आम्ही पोळ्या लाटतो." मी म्हणलं, तुझ्या पोळ्या बघितल्यात मी, तू आपला अभ्यासच कर.

पोरींचे घसे बहुतेक सर्दीचेच असतात. नाक गळतंय, खोकला येतोय, आवाज बसलाय, डोळ्यांत पाणी आहे, तर तो व्हायरसचा घसा. त्याला कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या, ताप असला तर तापाची गोळी, गरम वरण-भात आणि झोप. आठवड्याच्या आत जातो. पण पोरींना कुठला धीर? मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणायच्या, दोन खायच्या, बरं वाटलं की उरलेल्या मैत्रिणीला द्यायच्या, जशा काही शेंगदाण्याच्या चिक्क्याच. मी त्या गोळ्या काढून घेते आणि वर चार शब्द सुनावते. व्हायरसला ती गोळी लागूच पडत नाही, आणि ज्याला लागू पडते त्याला अर्धी पुरत नाही.

दुसरा घसा वेगळा असतो. सर्दी नाही, खोकला नाही, एकाएकी सणकून ताप. थुंकीसुद्धा गिळवत नाही. आत दोन्ही बाजूंच्या टॉन्सिलवर पांढरे-पिवळे ठिपके, आणि जबड्याखाली गाठी, बोट लागलं तरी पोरगी कळवळते. असा घसा दिसला की मी एक शब्द बोलत नाही, स्कूटीवर मागं बसवते आणि डॉक्टरांकडं नेते. नुसतं बघून डॉक्टरांनासुद्धा दर वेळी सांगता येत नाही, ते कधी कापसाच्या काडीनं घशातलं घेऊन तपासायला पाठवतात. मग मला काय डोंबल कळणार? मी फक्त न्यायचं काम करते. पण ते काम मी चुकवत नाही, कारण एक चुकलेला घसा माझ्या घरात राहतो.

तो घसा माझ्या नवऱ्याचा. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला हे माझ्या माहेरी, कंधारला आले होते. बाजारातून घरापर्यंत चालत येताना मधेच एका दुकानाच्या पायरीवर बसले. म्हणाले, चप्पल चावतेय. माझ्या भावानं त्यांच्या निळसर पडलेल्या ओठांकडं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत घालून नांदेडला नेलं. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांनी तपासलं, मशीनवर बघितलं, आणि विचारलं काय तर, "लहानपणी कधी घसा दुखून नंतर सांधे सुजले होते का?" मला वाटलं हा माणूस भलत्याच पेशंटचा कागद बघतोय. पण ह्यांनी मान हलवली. चौथीत असताना घसा दुखला होता, बरा झाला. मग दोन-तीन आठवड्यांनी गुडघे सुजले, घोटे सुजले, महिनाभर शाळा बुडाली. तेही बरं झालं. डॉक्टर म्हणाले, घसा बरा झाला, सांधे बरे झाले, हृदयाची झडप मात्र तेव्हाच आखडली.

काट्याचा नायटा होतो म्हणतात ना, तसं. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी ह्यांना पेनिसिलिनची सुई घ्यावी लागते, पुन्हा तसला घसा होऊन झडपेचं आणखी वाटोळं होऊ नये म्हणून. मांसात टोचतात आणि लई दुखते म्हणे. म्हणे, कारण ह्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. लंगडत घरी येतात, पालथे झोपतात. मी शेकू का विचारलं की "काही दुखत नाही" म्हणून भिंतीकडं तोंड करतात. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

आता ह्यांच्या वडिलांचं सांगते. सगळे त्यांना अप्पा म्हणतात, मी पण. देवणीजवळच्या गावात मोठ्या दिराकडं राहतात. गळ्यात लिंगाची डबी, कपाळावर विभूती, आणि दावणीला देवणी बैलांची जोडी, जिच्याशी ते आमच्यापेक्षा जास्त बोलतात. बैलांच्या दुखण्यातलं त्यांना कळतं आणि त्यांच्या सगळ्या औषधांत पहिलं औषध बिबा. बैलाचा खांदा सुजला, बिबा. खूर दुखावलं, बिबा. माणसाची टाच भेगाळली, बिबा. घसा दुखला तरी बिबा. दाभणाला बिबा टोचायचा, दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की गळ्यावर तीन ठिपके द्यायचे. आणि ह्या बिब्याचं त्यांचं सगळ्यात लाडकं उदाहरण कोण, तर माझा नवरा. लग्न ठरवायला आले तेव्हासुद्धा सांगितलं होतं, "चौथीत हेचा घसा असा धरला होता की पाणी उतरत नव्हतं. तीन ठिपके दिले. चार रोजात पोरगं भाकर मागायला लागलं."

नांदेडहून परत येताना हे मला एवढंच म्हणाले, "अप्पांना यातलं काही सांगायचं नाही. बिब्याची ती गोष्ट त्यांनी गावभर सांगितलीय. आता म्हातारपणी त्यांच्या जिवाला घोर लावून काय मिळणार?" मग सुईचं काय सांगायचं? तर म्हणे, ताकदीची सुई. अप्पांनी ते खरं धरलं आणि वर्षानुवर्षं चेष्टा केली. "ताकदीच्या एवढ्या सुया घेतल्या, तरी पोतं उचलंना गेलंय बेणं." हे हसायचे. मला राग यायचा आणि गिळायला लागायचा.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमची मुलगी, तिसरीतली, अप्पांकडं गेली होती. एक दिवस संध्याकाळी जाऊबाईंचा फोन आला. आवाज अगदी पडलेला. म्हणाल्या, "रागावू नको. अप्पांनी लेकराला बिबा लावला आणि तो उतलाय. अंगभर लाल लाल झालीय."

बिब्याचं तेल सगळ्यांच्या कातडीला सोसत नाही. अंग लाल होतं, आग होते, फोड येतात, त्याला आमच्याकडं बिबा उतला म्हणतात. त्यावरचा उपाय घरोघरी ठाऊक आहे, तीळ आणि खोबरं वाटून अंगाला लावायचं आणि जेवण अळणी. जाऊबाईंनी सगळं रीतसर चालवलं होतं. ताप आहे का विचारलं, तर म्हणाल्या, "हाय की, उतल्यावर येतोच थोडा." आणि बिबा लावला कशाला? "घसा दुखतोय म्हणत होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेसच्या पोरींना सकाळी उपमा करून ठेवला, दुपारचं शेजारणीवर सोपवलं आणि आम्ही दोघं पहिल्या बसनं उदगीरला, तिथून जीपनं गावात. बसमध्ये मी अप्पांना काय काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं. हे खिडकीतून बाहेर बघत होते. एकदाच म्हणाले, "हळू बोल त्यांना." मी म्हणलं, लेकराचं कातडं जळलंय आणि तुम्हाला बापाची पडलीय.

जाऊन बघते तर अप्पा ओसरीवर मांडी घालून बसलेले आणि पोरगी त्यांच्या मांडीला टेकलेली, अंगाला तीळ-खोबऱ्याचा लेप. समोर दोन ताटं. एकात दूध-भात, तो तिचा. दुसऱ्यात कोरडी भाकरी आणि बिनमिठाचं वरण, ते अप्पांचं. जाऊबाई मला कानात म्हणाल्या, "उतल्यापासून अप्पा पण अळणीच खाऊन राहिलेत. मीठ शिवंना गेलेत. म्हणतात, माझ्यामुळं लेकराची चव गेली, मग मला कशाला पाहिजे?"

माझं सगळं जुळवलेलं भाषण तिथंच बसलं. अप्पांनी माझ्याकडं बघितलंच नाही. लिंगाची डबी मुठीत धरली होती. म्हणाले, "सुनबाई, माझ्या हातानं झालं. काय बोलायचं ते बोल." मी पोरीजवळ बसले. तिनं दूध-भाताचा घास घेतला आणि गिळताना डोळे गच्च मिटले, खांदे वर ओढले.

ते गिळणं मी ओळखलं. टॉर्च काढला. "आ कर, बाई." दोन्ही बाजूला पांढरे ठिपके. जबड्याखाली हात लावला तर ओरडली. नाक कोरडं, खोकला नाही. मी वर बघितलं, हे माझ्या तोंडाकडंच बघत होते. ह्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मला स्पष्ट दिसला. तिच्या कातड्याचा विचार माझ्या मनातून पार गेला आणि तिच्या छातीचा सुरू झाला.

शेजाऱ्याच्या जीपमधून उदगीरला लेकरांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. अप्पा न विचारताच जीपमध्ये येऊन बसले, पोरीला मांडीवर घेऊन. डॉक्टरीणबाईंनी घसा बघितला, गाठी चाचपल्या, मग अंगावरचा लेप ओल्या कापडानं पुसला आणि तिला विचारलं, "बाळा, अंगाला खाज येते का?"

"नाही."

"आग होते?"

"नाही. गिळताना दुखतं फक्त."

बाईंनी माझा हात धरून पोरीच्या पाठीवरून फिरवला. कातडं खरखरीत लागलं, रंगाऱ्याच्या पॉलिश पेपरसारखं. काखेत आणि कोपराच्या घडीत लाली जास्त दाट होती. जीभ लालभडक, दाणेदार. गळ्यावरचे बिब्याचे तीन काळे ठिपके मात्र सुकून गेले होते, त्यांच्याभोवती एक फोड नव्हता. बाई म्हणाल्या, "हा बिबा उतलेला नाही. तो असा उतत नाही, लेकरू खाजवून खाजवून हैराण झालं असतं. घशात जो बॅक्टेरिया आहे ना, त्याचंच हे अंगावर आलंय."

अप्पांनी इतका मोठा श्वास सोडला की बाईंनी वर बघितलं. "मंजे माझ्या बिब्यानं न्हाई?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "नाही आजोबा. बिब्यानं काही बिघडलं नाही." आणि अप्पा चक्क हसले. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायला लागले. मला त्या हसण्याचं बरं वाटलं, आणि पुढचा प्रश्न काय येणार ते माहीत असल्यामुळं वाईटही वाटलं.

तो आलाच. बाई कागदावर लिहिता लिहिता म्हणाल्या, "पेनिसिलिनचं औषध देणार आहे. आधी कधी त्याची ॲलर्जी आली होती? नाही ना. आणि घरात कुणाला सांध्याचा ताप, हृदयाच्या झडपेचा त्रास?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मान हलवली नाही, पण डोळे नको म्हणत होते. त्या बाकड्यावर मी आमच्या दोघांच्या मधे बसलेल्या अप्पांकडं बघितलं, मग पोरीकडं. किती वर्षं हे गिळलं होतं मी ह्यांच्यासाठी. पण लेकराच्या छातीपुढं मला ना नवऱ्याचा शब्द मोठा, ना सासऱ्याचा जीव. मी म्हणलं, "आहे. ह्यांना आहे. चौथीत घसा झाला होता, नंतर सांधे सुजले. आता दर तीन आठवड्यांनी सुई घेतात."

बाईंनी लिहिणं थांबवलं. पोरीच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आत्ता तरी स्वच्छ आहे. वेळेत आणलंत. औषध दहा दिवसांचं आहे, सगळं संपवायचं. दोन-तीन दिवसांत पोरगी नाचायला लागेल, म्हणून बंद करायचं नाही. मधे ताप उलटला, सांधे दुखले तर लगेच आणा."

मला रडू आलं. मी पदरानं तोंड पुसलं आणि बाईंना उगीचच विचारलं, गुळण्या करायच्या का. त्या म्हणाल्या, करा, बरं वाटतं.

अप्पा मात्र कागदाकडं बघत होते. ह्यांच्याकडं नाही, माझ्याकडं नाही. हळूच म्हणाले, "डॉक्टरीणबाई, एक इचारू? औषध न्हाई दिलं, तर हा घसा बरा होत न्हाई?"

"घसा होतो की आजोबा. चार-पाच दिवसांत आपोआप बरा होतो, काही लावा नाहीतर काही लावू नका. तिथंच तर लोक फसतात. पुढचं सगळं नंतर होतं."

"आपोआप," अप्पा म्हणाले.

"आपोआप."

परतीच्या वाटेवर जीपमध्ये हेच म्हणाले, "अप्पा, माझं ते जन्माचंच आहे. झडप जन्मापासूनच तशी होती, डॉक्टरांनी सांगितलंय." सपशेल खोटं. अप्पांनी "हाव" म्हणलं आणि पोरीच्या अंगावरची शाल नीट केली. चौथीपर्यंत बैलांच्या मागं गावभर पळणारं आपलं पोरगं त्यांना आठवत नसेल असं थोडंच आहे?

दुसऱ्या दिवशी आम्ही लातूरला निघालो तर अप्पा पिशवी घेऊन तयार. हा माणूस बैलांना सोडून कुठं एक रात्र राहत नाही. जाऊबाई तोंडाकडं बघत राहिल्या. म्हणाले, "औषध संपस्तोवर मी लेकराजवळ हाय." आणि खरंच राहिले. वेळ झाली की बाटली हलवून चमचा भरायचे, पोरीनं तोंड फिरवलं की दहा गोष्टी सांगायचे आणि घोट गेल्याशिवाय उठायचे नाहीत. पोरगी दोन दिवसांत उड्या मारायला लागली. अंगाची लाली गेली, आठवड्याभरानं बोटांच्या टोकांचं कातडं निघालं, ते होतंच असं बाईंनी आधीच सांगितलं होतं. जाऊबाईंचा फोन आला, "बरी झाली ना, मग कशाला एवढं औषध पाजून राहिलात?" अप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाले, "बरी दिसतीय. बरं दिसणं येगळं." आणि ठेवून दिला. माझ्या मेसच्या पोरींना तर त्यांनी असा धाक घातला की कुणी गोळ्या अर्धवट सोडायची हिंमत करत नव्हती.

पोरीचं औषध संपलं आणि अप्पा गावी जायचं नाव काढेनात. मला कळेना, बैल विसरले की काय. त्याच आठवड्यात ह्यांच्या सुईचा दिवस आला. हे नेहमीसारखे गुपचूप दाराकडं निघाले तर अप्पा चपला घालून पायरीवर उभे, धोतराचा सोगा हातात.

"अप्पा, तुम्ही कुठं?"

"चल. तुझी ताकदीची सुई हाय नव्हं आज."

हसले नाहीत, चेष्टेचा सूर नव्हता. नेहमीचंच वाक्य, पण असं जपून उच्चारलं की मी स्वयंपाकघरात हातातलं पातेलं खाली ठेवलं. लेकानं बापासाठी रचलेलं खोटं आता बापानं लेकासाठी उचललं होतं. मग दोघं गेले.

दुपारी परत आले. हे लंगडत होते आणि अप्पांनी त्यांचा दंड धरला होता. हे पलंगावर पालथे पडले, तोंड भिंतीकडं, रोजच्यासारखं. अप्पा स्वयंपाकघरात आले. "सुनबाई, तवा ठेव जरा. जुनं फडकं दे." मी दिलं. तव्यावर त्यांनी फडक्याची घडी तापवली, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघितली, बैलाच्या खांद्याला शेक देताना बघतात तशी, आणि आत जाऊन लेकाच्या कमरेखाली ठेवली. हे नको म्हणायला वळले आणि वळले तसेच थांबले. अप्पा पलंगाच्या कडेला बसून फडकं दाबत राहिले. मी दारात उभी होते.

बऱ्याच वेळानं अप्पांनी विचारलं, "दुखतंय का रे?"

इतक्या वर्षांत ह्या प्रश्नाचं एकच उत्तर मी ऐकलं होतं, आणि तेच येणार म्हणून मी आत जायला वळले.

"हाव अप्पा," हे म्हणाले. "लई दुखतं."